कवि विल्यम कूपर व त्यांचे दुखणे

एखाद्या खेड्यात कोणाचे मन बिघडले, म्हणजे त्याचे कारण सांगणारे पुष्कळ लोक जमतात. कोणी म्हणतो करणी झाली, कोणी म्हणतो बाहेरची बाधा झाली, कोणी भगताकडे नेण्याचे सुचवितो. आमच्या मंडळ्यांतून असे बोलणे पुष्कळ कमी झाले आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु त्याच्या जागी दुसरेच एक बोलणे येऊन बसले आहे, आणि तेही आजाऱ्याच्या जिवास तितकेच लागते. ते असे की, ह्याचा विश्वास उणा पडला, ह्याने काही पाप झाकून ठेविले, म्हणून देवाने ह्याची ही गति केली. असे ज्यांस वाटते त्यांनी विल्यम कूपर ह्यांचे चरित्र एकवार लक्षपूर्वक वाचावे, म्हणून आम्ही ते येथे देत आहो. ह्या पुरुषाची गीते गेली दोनशे वर्षांहून अधिक काळ इंग्रजी मंडळ्यांत गायिली जात आहेत, आणि तोच पुरुष आयुष्याची शेवटली २७ वर्षे देवाने आपणास टाकिले आहे असे मानून जगला.

कूपर ह्यांचा जन्म इ.स. १७३१ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडातील बर्कमस्टेड ह्या गावी झाला. त्यांचे वडील तेथील मंडळीचे पाळक होते. आईबापांस सात मुले झाली, पण विल्यम व त्यांचा धाकटा भाऊ जॉन ह्या दोघांखेरीज कोणीही बालपण ओलांडिले नाही. हा जॉन जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, म्हणजे इ.स. १७३७ त, आई वारली. त्या वेळी विल्यम सहा वर्षांचे होते. आईची प्रेतयात्रा निघाली ती त्यांनी खिडकीतून पाहिली, आणि घरच्या दासींनी आई लवकरच परत येईल असे सांगून त्यांची समजूत घातली. मुलाने पुष्कळ दिवस वाट पाहिली. पन्नाशी उलटून गेल्यावर एका नातलग स्त्रीने त्यांस आईचे चित्र पाठविले, तेव्हा त्यांनी जी कविता लिहिली तीवरून दिसते की, ते वाट पाहणे त्यांच्या मनातून कधी गेलेच नव्हते.

आई गेल्यावर मुलास घरापासून दूर एका शाळेत ठेविले. तेथे पंधरा वर्षांचा एक मुलगा त्यांस इतका छळी की, मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्यही त्यांस होत नसे, आणि चेहऱ्यापेक्षा जोड्याच्या बकलांवरून ते त्यास अधिक ओळखीत. पुढे ही गोष्ट उघडकीस येऊन त्या मुलास शाळेतून काढून टाकिले. नंतर कूपर लंडनातील वेस्टमिन्स्टर शाळेत गेले. तेथे त्यांनी लॅटिन व ग्रीक ह्या भाषांत चांगले प्रावीण्य मिळविले आणि सोबत्यांबरोबर खेळातही भाग घेतला. तेथून त्यांस वकिलीच्या अभ्यासास घातले. ह्याच काळी थिओडोरा नामक आपल्या चुलत बहिणीवर त्यांचे मन बसले. तिकडे असे विवाह कायद्याने होऊ शकतात, परंतु तिच्या बापाने संमति दिली नाही, आणि ती दोघे कायमची दुरावली. थिओडोरेने जन्मभर विवाह केला नाही.

इ.स. १७५३ च्या सुमारास, म्हणजे वय २१-२२ असता, कूपर लंडनातील वकिलांच्या वसतीत एकटे राहावयास गेले, आणि तेथे त्यांच्या दुखण्याने प्रथम डोके वर काढिले. निजताना दुःख, उठताना दुःख, वाचनात गोडी नाही, कामात मन नाही, अशी अवस्था सुमारे एक वर्ष चालली. मग मित्रांनी त्यांस समुद्रकाठी साउथहॅम्प्टन येथे नेले. तेथे एके दिवशी ऊन स्वच्छ पडले असता टेकडीवर बसल्या बसल्या मनावरचे ओझे एकाएकी उतरल्यासारखे त्यांस वाटले. ते परत आले व पुढली दहा वर्षे बरी गेली. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, ह्या वेळी ते फारसे धार्मिक नव्हते. दुखणे आले ते धर्माच्या वाटेने आले नाही.

दुसरा झटका इ.स. १७६३ साली आला, आणि त्याचे निमित्त अगदी क्षुल्लक होते. घराण्यातील एका वजनदार नातलगाने त्यांच्यासाठी उमरावसभेच्या दप्तराची एक चांगली जागा योजिली. परंतु विरुद्ध पक्षाने हरकत घेतली, तेव्हा उमेदवाराने सभेपुढे उभे राहून परीक्षा द्यावी असे ठरले. ज्यास चार लोकांपुढे बोलण्याची लाज वाटे त्यास हे मरणाहून कठीण झाले. कित्येक महिने ते रोज कचेरीत जाऊन जुनी दप्तरे चाळीत, पण वाचलेले काही डोक्यात शिरेना. परीक्षेचा दिवस जवळ आला तसे त्यांनी आपला जीव घेण्याचे अनेक प्रयत्न केले. देवाच्या दयेने ते सर्व निष्फळ झाले. नातलगांनी ती जागा सोडून दिली, तरी दुखणे मात्र सोडीना. परीक्षेची भीती गेली आणि तिच्या जागी अक्षम्य पाप केल्याची भीती येऊन बसली. भीतीचे निमित्त नाहीसे झाले असता भीती नाहीशी होत नाही, हे ह्या रोगाचे एक लक्षण आहे.

डिसेंबर महिन्यात त्यांस सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नथानिएल कॉटन ह्यांच्या घरी ठेविले. त्या काळी लंडनच्या बेथलेम नामक वेड्यांच्या रुग्णालयात लोक पैसे देऊन रोग्यांची मौज पाहावयास जात, आणि ही निर्दय चाल इ.स. १७७० पर्यंत चालू होती. डॉक्टर कॉटन ह्यांची रीत निराळी होती. ते स्वतः कवि व धार्मिक मनाचे गृहस्थ असून थोडेच रोगी ठेवीत, त्यांजशी बोलत, त्यांस बागेत फिरू देत. सुमारे सात महिन्यांनी, इ.स. १७६४ च्या उन्हाळ्यात, कूपर ह्यांनी बाकावर पडलेले पवित्र शास्त्र उघडिले, आणि रोमकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायातील २५ व्या वचनावर त्यांची दृष्टि गेली. ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताचा अर्थ त्यांस त्या क्षणी उमजला व त्यांचे मन आनंदाने भरून गेले.

ह्या आनंदाविषयी कूपर ह्यांनी स्वतः जे लिहून ठेविले आहे त्यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कित्येक आठवडे त्यांस झोप फार थोडी लागे, आणि झोपेत वेळ व्यर्थ जातो असे वाटे. सुवार्तेचे नाव काढताच डोळ्यांस पाणी येई, आणि रात्रंदिवस हर्ष करणे एवढाच व्यवसाय उरला होता. डॉक्टर कॉटन ह्यांस प्रथम भीती वाटली की, हा एकाएकी झालेला पालट घातक उन्मादात तर शेवटास जाणार नाही ना! काही काळ पाहून त्यांची खात्री झाली व ते कूपर ह्यांच्याशी रोज सकाळी धर्मसंभाषण करू लागले. मनुष्याचे तारण झाल्याचा आनंद हा रोग आहे असे आम्ही म्हणत नाही, व कोणी म्हणूही नये. तथापि एक सावध वैद्य आनंदातही झोपेकडे लक्ष देतो, हे त्या डॉक्टरापासून शिकण्यासारखे आहे.

कारण मनाचा एक विकार असा आहे की, ज्यात मनुष्य कधी खोल विषादात बुडतो आणि कधी उलट बाजूस चढतो. चढत्या काळी त्यास झोप नको, विश्रांति नको. बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, आणि आपणास मोठे सामर्थ्य मिळाले आहे असे त्यास वाटते. आजचे वैद्य ह्यास द्विध्रुवी मनोविकार, इंग्रजीत बायपोलर, असे म्हणतात. शंभर माणसांत सुमारे एकास हा होतो, आणि बहुधा तरुणपणीच सुरू होतो. कूपर ह्यांचे दुखणे नेमके हेच होते की केवळ विषादाचाच पुनः पुनः येणारा रोग होता, ह्याविषयी वैद्यांत दोन मते आहेत, कारण मेलेल्या माणसाची नाडी कोणी पाहू शकत नाही. परंतु झटके कशाने येतात हे पाहावयाचे असेल, तर त्यांच्या आयुष्यासारखे दुसरे उघडे पुस्तक क्वचित सापडेल.

इ.स. १७६५ त कूपर हंटिंग्डन ह्या गावी आले, आणि तेथे अन्विन नावाच्या पाळकाच्या कुटुंबात राहू लागले. दोन वर्षांनी अन्विन साहेब घोड्यावरून पडून वारले. तेव्हा त्यांची विधवा मेरी अन्विनबाई व कूपर ही ओल्नी गावी गेली, कारण तेथे रेव्हरंड जॉन न्यूटन हे उपदेश करीत होते. न्यूटन हे पूर्वी गुलामांच्या जहाजावरील कप्तान असून पुढे प्रभूचे सेवक झाले, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ओल्नीत लेस विणणारे गरीब लोक राहत. कूपर न्यूटन ह्यांच्याबरोबर त्यांच्या झोपड्यांत जात, आजाऱ्यांजवळ बसत, प्रार्थनासभा चालवीत. इ.स. १७७० त त्यांचा भाऊ जॉन वारला. मग न्यूटन ह्यांनी सुचविले की, आपण दोघांनी मिळून मंडळीसाठी गीतांचे एक पुस्तक करावे. हे पुस्तक इ.स. १७७९ त छापिले गेले. त्यात ३४८ गीते असून साठांहून अधिक कूपर ह्यांची आहेत. बाकीची सर्व न्यूटन ह्यांनी केली, कारण मध्येच कूपर ह्यांची लेखणी थांबली होती.

इ.स. १७७३ च्या जानेवारीत तिसरा झटका आला. अन्विनबाईशी त्यांचा विवाह ठरत होता तो राहिला. फेब्रुवारीत त्यांस एक स्वप्न पडले व त्यात देवाने आपला कायमचा त्याग केला आहे असा निरोप त्यांस मिळाला. ते स्वप्न त्यांनी जन्मभर खरे मानिले. सर्व लोक आपला द्वेष करितात, आणि अन्विनबाई सर्वांत अधिक करिते, असे त्यांस वाटू लागले, आणि तरी तिच्याशिवाय दुसऱ्या कोणास ते जवळ येऊ देईनात. पुढे अब्राहामाने जसा पुत्र अर्पिला तसा आपण स्वतःचा जीव अर्पावा अशी देवाची आज्ञा आहे, असे मानून त्यांनी पुनः आपला घात करू पाहिला. तेव्हाही ते वाचले. न्यूटन ह्यांनी त्यांस व अन्विनबाईस आपल्या घरी एक वर्षाहून अधिक काळ ठेवून घेतले, आणि बाईने रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. कूपर बरे झाले, पण देवळात जाणे व प्रार्थना करणे त्यांनी सोडिले ते सोडिलेच. ज्याला देवाने टाकिले आहे त्याने देवाजवळ जाणे हा अपराध होय, अशी त्यांची समजूत होती.

कित्येकांनी असा आरोप केला आहे की, न्यूटन ह्यांच्या कडक धर्मशिक्षणाने कूपर वेडे झाले. हा आरोप तारखांपुढे टिकत नाही. पहिला झटका १७५३ साली व दुसरा १७६३ साली आला, आणि न्यूटन ह्यांची गाठ पडली ती १७६७ साली. आग लागली म्हणजे घरात जे असेल ते जळते. वकिलीच्या उमेदवाराची परीक्षा जळाली, भक्ताची आशा जळाली. जे मनास अत्यंत प्रिय तेच हा रोग हाती धरितो. तथापि उपदेशकांसाठी येथे एक धडा आहे. जे मन आधीच स्वतःस दोष देत आहे त्यापुढे न्यायाचे व त्यागिल्या गेलेल्यांचे भाषण वारंवार करणे म्हणजे जळत्या घरात तेल नेणे होय.

बरे होत असता कूपर ह्यांस कशाने आधार मिळाला, हे आता सांगतो. इ.स. १७७४ त शेजाऱ्याच्या मुलांकडून एक सशाचे पिलू त्यांजकडे आले, आणि मग त्यांनी तीन ससे पाळिले. त्यांची खुराडी ते स्वतःच्या हाताने करीत. पुढे बागेत काकड्या व खरबुजे लाविली, झाडांसाठी काचेचे घर बांधिले, सुतारकाम केले, चित्रे काढिली. न्यूटन इ.स. १७८० त लंडनास गेल्यावर अन्विनबाईने त्यांस हिवाळ्यात कविता करण्याचे काम लाविले, कारण रिकामा हिवाळा त्यांस घातक आहे हे तिने ओळखिले होते. त्यातून इ.स. १७८२ त पहिला काव्यसंग्रह निघाला. एके संध्याकाळी ते फार खिन्न असता ऑस्टिनबाई नामक मैत्रिणीने त्यांस जॉन गिल्पिन ह्या कापडवाल्याच्या उधळलेल्या घोड्याची गोष्ट सांगितली. त्या रात्री त्यांस हसू आवरेना, आणि सकाळपर्यंत ती गोष्ट कवितेत उतरली. सर्व इंग्लंड ती वाचून हसले. तिच्याच सूचनेने त्यांनी बैठकीच्या कोचावर कविता आरंभिली, आणि तीतून द टास्क हे त्यांचे मोठे काव्य इ.स. १७८५ त बाहेर पडले. इ.स. १७८८ त गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी लिहिलेल्या कविता दूरवर पसरल्या. ज्यास स्वतःच्या तारणाची आशा नव्हती त्याने दुसऱ्यांच्या सुटकेसाठी आवाज उठविला.

तरी झटके यावयाचे ते आलेच. इ.स. १७८६ च्या नोव्हेंबरात त्यांनी ओल्नी सोडून वेस्टन गावी बिऱ्हाड केले, आणि त्याच महिन्यात अन्विनबाईचा मुलगा विल्यम, जो कूपर ह्यांचा जिवलग मित्र होता, तो वारला. जानेवारीत दुखणे उलटले व सुमारे सहा महिने राहिले. पुढे त्यांनी होमर कवीच्या दोन्ही महाकाव्यांचे भाषांतर पुरे करून इ.स. १७९१ त छापिले. ह्याच वर्षांत ओल्नीतील एक गरीब शाळामास्तर त्यांजविषयी देवाकडून आपणास निरोप मिळतात असे सांगू लागला. कूपर त्याचे निरोप लिहून ठेवीत. निरोप चांगला असला म्हणजे चार दिवस आशा वाटे, आणि तो खरा न झाला म्हणजे पूर्वीपेक्षा अधिक खोल पडत. तो मास्तर कपटी होता असे नाही, पण आजारी मनास त्याने काही लाभ झाला नाही. आमच्या खेड्यांतून आजाऱ्यासाठी दर्शने पाहणारे व निरोप आणणारे जे कोणी असतील त्यांनी ह्यावरून सावध व्हावे.

इ.स. १७९१ च्या डिसेंबरात व पुढे १७९२ च्या मे महिन्यात अन्विनबाईस अर्धांगाचे झटके आले. जी इतकी वर्षे त्यांस सांभाळीत आली तिला आता ते सांभाळू लागले. इ.स. १७९४ च्या जानेवारीत त्यांचे मन पुनः ढासळले ते कधीही पुरते सावरले नाही. त्याच वर्षी राजाने त्यांस वर्षास ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले, पण त्याचा आनंद मानण्याची शक्ति उरली नव्हती. इ.स. १७९५ त एका तरुण नातलगाने दोघांस नॉर्फक प्रांतात नेले. तेथे ईस्ट डेरहम गावी १७ डिसेंबर १७९६ रोजी अन्विनबाई वारली. कूपर ह्यांनी २५ एप्रिल १८०० रोजी तेथेच देह ठेविला. त्या वेळी त्यांचे वय ६८ होते. बाई ज्या देवळात पुरली आहे तेथेच त्यांसही पुरिले.

आता ह्या चरित्रावरून रोगाच्या मुळाकडे पाहू. आमच्या भाषेत कारण आणि निमित्त असे दोन शब्द आहेत, आणि येथे ते दोन्ही लागतात. कारण म्हणजे जमिनीत असलेले बी, आणि निमित्त म्हणजे त्यावर पडणारा पाऊस. द्विध्रुवी विकाराचे बी पुष्कळ अंशी रक्ताच्या नात्याने येते. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकास तो असला तर सुमारे निम्म्या ठिकाणी दुसऱ्यासही आढळतो. आईस किंवा बापास असला, तर शंभर मुलांपैकी पाच ते दहांस होण्याचा संभव असतो, म्हणजे नव्वदांहून अधिक मुले त्यातून सुटतात. म्हणून अशा घरी मुलगी देऊ नये, अशा घरची सून आणू नये, असे म्हणणे योग्य नव्हे. बालपणी आईचा वियोग, मारहाण, छळ ह्यांनी ती जमीन अधिक नरम होते. कूपर ह्यांच्या बालपणी हे सर्व होते.

निमित्ते पुष्कळ आहेत. पहिले व मोठे निमित्त झोपमोड होय. रात्रभर चाललेली कामे, लग्ने, जागरणे व भजने निरोग्यास सोसतात, परंतु ज्यास हा विकार आहे त्यास एवढ्यानेच उन्माद चढू शकतो. दुसरे निमित्त मोठा धक्का किंवा पालट, जसे मृत्यु, कर्ज, परीक्षा, बिऱ्हाड बदलणे. आणि मोठा आनंद किंवा बढती हीदेखील त्यातच येतात. तिसरे ऋतुमान. कूपर ह्यांचे तीन झटके जानेवारीत आले, आणि तो महिना जवळ आला की त्यांस धडकी भरे. चौथे बाळंतपण. पूर्वी हा विकार झालेल्या स्त्रीस प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फार जपावे लागते, आणि अशा बाळंतिणीस बाधा झाली म्हणून अंगारे लावीत बसणे तिच्या व बाळाच्याही जिवावर बेतते. पाचवे दारू व गांजा. सहावे काही औषधे. स्टेरॉइड नावाची औषधे, किंवा खिन्नतेवरचे औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीवाचून घेणे, ह्यांनी कित्येकांस उन्माद होतो. सातवे, बरे वाटले म्हणून चालू औषध आपल्या मनाने बंद करणे. कित्येक वैद्यांचे असेही मत आहे की, पहिल्या झटक्यास निमित्त मोठे लागते, पण जसजसे झटके वाढतात तसतसे निमित्त लहान पुरते. म्हणून पहिल्या झटक्यासच उपचार करणे हे शहाणपण.

ह्या सात निमित्तांत विश्वासाचा उणेपणा कोठेही नाही, हे वाचकांनी मोजून पाहावे.

कूपर ह्यांच्या काळी जे नव्हते ते आज आहे. इ.स. १९४९ त ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड ह्यांनी लिथियम नामक क्षाराचा ह्या रोगावर गुण येतो असे प्रसिद्ध केले. तो आजही मुख्य औषधांपैकी एक असून आत्मघाताचा धोका कमी करितो. मात्र रक्त वेळोवेळी तपासावे लागते. उन्हात घाम गाळणाऱ्याने, किंवा जुलाब-वांत्या झालेल्याने, शरीरातील पाणी व मीठ कमी होऊ देता कामा नये, नाहीतर औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होते. आणि म्हणून दीर्घ उपास करण्यापूर्वी डॉक्टरास विचारावे. दुसरीही औषधे आहेत. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टराची चौकशी करावी. महाराष्ट्रात पुणे येथील येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. इ.स. २०२२ पासून भारत सरकारने १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक चालू केला आहे, त्यावर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर त्यास एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टराकडे न्यावे.

आमचे उपदेशक बंधु म्हणतील की, मग आमचे काम काय उरले? एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्यास प्रथम कोणताही उपदेश केला नाही. त्यास झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुनः झोपू दिले, पुनः जेवू घातले. उपदेश पुढे होरेब डोंगरावर झाला. हाच क्रम आम्ही पाळावा. आजाऱ्याच्या घरच्यांस म्हणावे की, आज रात्री तुम्ही निजा, आम्ही जागतो. त्याच्या शेताचे काम चार जणांनी उरकावे. औषध चुकू नये ह्याकडे एकाने लक्ष ठेवावे. त्यास प्रार्थना करवत नसेल तर त्यावर जुलूम न करिता मंडळीने त्याच्या वतीने ती करावी. न्यूटन ह्यांनी आपले घर उघडिले, अन्विनबाईने तीस वर्षे आपला हात सोडिला नाही. कूपर ह्यांस तारणाची खात्री ह्या जगात पुनः मिळाली नाही हे खरे. पण त्यांनी केलेल्या गीतांनी हजारोंना ती मिळाली, आणि ती गीते करण्याइतके आयुष्य त्यांस मिळाले ते ह्याच माणसांमुळे. तुमच्या गावी असा कोणी असेल, तर त्याच्या दारी हा अंक वाचून झाल्यावर जावे. उपदेशाची तयारी करून जाण्याचे कारण नाही. भाकर घेऊन जावे.